पातूरच्या घाटात लागलेली धाप

शेषरावांची टाकी परत येत नाही, हे अकोल्याच्या एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसे त्याला शेषराव स्वतः सांगत. पस्तीस वर्षं झाली. फवारणीच्या ट्रॅक्टरची टाकी, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची टाकी, पाण्याच्या टँकरची टाकी. जे पत्र्याचं आहे आणि ज्यात काही ओतता येतं ते त्यांनी जोडून दिलं होतं. एक गळली नाही, एक चोंदली नाही, एकाही गिऱ्हाइकानं परत आणून दारात आपटली नाही. माणसाला गर्व करायला काहीतरी लागतंच. कुणाला शेताचा असतो, कुणाला जावयाचा. शेषरावांना टाकीचा होता.

दीपमाला ही त्यांची एकुलती एक लेक. अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात पोरांना इंजिन शिकवायची, आणि सुट्टी लागली की अकोल्याला येऊन बापाच्या शेडमध्ये कोपरापर्यंत काळी व्हायची. अडीच वर्षांपूर्वी तिनं चांदूर रेल्वेच्या एका वकिलाच्या गोठ्यातून एक गाडी उचलून आणली होती. दोनच सीटची, बिनछपराची, फायबरच्या अंगाची. ती बनवणाऱ्यांनी दुकान कधीच गुंडाळलेलं. एवढी हलकी की चार जणांनी मागून धरली तर चाकं जमीन सोडत. शेषरावांनी हौसेनं दोनदा करून पाहिलं होतं. दीपमालाच्या आईनं, सुंदराबाईंनी, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "अन् याच्यात भाजीची थैली कुठी ठेवाची?" या प्रश्नाला आजतागायत कुणी उत्तर दिलेलं नाही.

गाडीची मूळ टाकी गंजून चाळणी झाली होती. दुसऱ्या कुणी नवी केली असती तर शेषरावांनी जेवण सोडलं असतं, म्हणून ती त्यांनीच केली. अॅल्युमिनियमची, सांध्यावर बोट फिरवलं तरी कळू नये अशी. गाडी सुरू झाली, कागदपत्रं झाली, आणि नांदगाव पेठेला रविवारी हौशी गाडीवाल्यांची शर्यत होती तीत दीपमालानं नाव दिलं. शर्यत म्हणजे एकमेकांच्या अंगावर जाणं नव्हे. तिथल्या औद्योगिक वसाहतीतला सरळ रस्ता बंद करायचा, एकेका गाडीनं एकट्यानंच पळायचं आणि घड्याळाशी भांडायचं. दीपमालानं नाव दिलं. आमंत्रणं शेषरावांनी दिली. साडू खुशालराव, विहारातली मंडळी, झाडून सगळे टँकरवाले. "रविवारी या. गाडी पोरीची, टाकी माही!"

आणि गुरुवारी गाडीला धाप लागली.

हळू चालवली तर गाडी गाईसारखी गरीब. अर्धा पाय दाबला तरी खुशीत. पण पातूरच्या पुढच्या घाटात दीपमालानं पाय पूर्ण दाबला की ती दोन सेकंद उसळी घेई, मग मधेच अडखळे, मान टाकी, परत उसळे, परत अडखळे. पाय जरा उचलला की पुन्हा शहाणी.

दीपमालाची काम करायची एक रीत होती आणि शेषरावांना ती मनातून भारी कंटाळवाणी वाटे. एका वेळी एकच वस्तू बदलायची. बदलली की अकोल्याहून पातूर गाठायचं, घाट चढायचा. फरक नाही पडला तर जुनी वस्तू परत जागच्या जागी, आणि मगच दुसरीला हात. गुरुवार-शुक्रवार यातच गेले. हवेची जाळी काढून पाहिली. प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. पंपाला करंट पुरेसा मिळतो का, हे नियाजनी मोजलं. नियाज म्हणजे शेजारच्या शेडमधले वायरिंगवाले, शेषरावांचे जुने सोबती. दोघांचं दिवसातून एकदा भांडण होई आणि दोनदा चहा.

शुक्रवारी संध्याकाळच्या चहाला तिघं गाडीभोवती बसले होते.

"कॉइल हाये," नियाज म्हणाले. वायरिंगवाल्याला दुखणं वायरीतच दिसतं; कॉइल म्हणजे प्लगला ठिणगी देणारी डबी. "गरम झाली का साथ सोडते. लिहून घे बेटा."

"असन, चाचा," दीपमाला म्हणाली. "पण मले वाटते तिले पेट्रोल कमी पडून राहिलं."

"पेट्रोलच्या दाबाचा मीटर लावला होता ना तू? काटा कुठी हलला?"

"जागेवर उभी करून रेस केली तवा नाई हलला. पण जागेवर तिले पेट्रोल लागतेच किती? घाटात पाय दाबला का घटाघटा प्याले लागते. तवा काटा काय करते, ते पाहाले पायजे." कॉलेजात लांब नळीचा मीटर होता. तो बॉनेटखालून बाहेर काढून समोरच्या काचेवर चिकटवायचा, म्हणजे चालवता चालवता काटा दिसतो. "उद्या सकाळी अमरावतीले जाऊ. मीटर आनू, कॉइलबी आनू. पयले तुमची कॉइल, चाचा. मंग माह्यं पेट्रोल."

मग ती सहज बापाकडे वळली. "बाबा, टाकीत आत काई हाये का हो?"

"टाकीत टाकी हाये," शेषराव म्हणाले. "अजून काय राहीन?"

नियाज हसले, दीपमाला हसली, शेषरावही हसले. बोलून झालं, आणि चहाचा पुढचा घोट घेताना त्यांना आठवलं.

टाकीत फडकं होतं.

त्याचं असं, की वऱ्हाडात पत्र्याच्या टाकीत जे काही ओततात ते गाळून ओततात. फवारणीचं पाणी लुगड्यातून गाळतात, नाहीतर नोझल चोंदतं. डिझेल गाळतात. विहिरीतल्या पाइपाच्या तोंडालाही जाळी बांधतात. शेषराव तर याच्याही पुढे गेले होते. टाकी देताना ते आतलं ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाला आतूनच मऊ सुती फडक्याचे तीन पदर तांब्याच्या तारेनं बांधून देत. टाकी परत न येण्याचं हेच गुपित होतं, आणि गुपित असल्यामुळे ते कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. पोरीच्या टाकीलाही त्यांनी ते बांधलं होतं, उलट जरा जास्तच मायेनं. वरणात मीठ घातलं हे काय कुणी सांगत बसतं?

पण शेतातलं इंजिन दिवसभर एका चालीनं घोट घोट पितं. ही बया घटाघटा पिते. तीन पदरांतून घोट येतो; घटाघटा येईल का? वेल्डर असले तरी शेषराव काही अडाणी नव्हते. चहा संपायच्या आत त्यांना सगळं कळलं होतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण नियाज समोर बसलेले, रविवारचं आमंत्रण अख्ख्या एमआयडीसीला गेलेलं, आणि नुकतंच आपण एवढं ठसक्यात उत्तर दिलेलं. उघडलेल्या तोंडात त्यांनी बिस्किट घातलं.

शनिवारी सकाळी दीपमाला आणि नियाज अमरावतीला गेले. शेषराव शेडमध्ये एकटे, समोर गाडी. नऊ ते अकरा त्यांनी एका टँकरचं झाकण घासलं. एवढं घासलं की त्यात तोंड दिसायला लागलं, आणि त्या घटकेला स्वतःचं तोंड पाहायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. आता पोरगी मीटर आणणार. काटा खाली येणार. पंपाचा करंट मोजलेला, फिल्टर बदलून पाहिलेला. बोट थेट टाकीकडे. पस्तीस वर्षांत परत आलेली पहिली टाकी, आणि ती आणणारी पोटची पोरगी.

आणि दुसरा रस्ता किती सोपा! फडकं काढून टाकायचं. नवी कॉइल लागेल, गाडी पळेल. नियाज मिशीला पीळ देतील तर देऊ देत. गाडी बरी झाल्याशी कारण. कुणाचं काय बिघडलं?

सव्वाअकराला त्यांनी दहा नंबरचा पाना घेतला. झाकणाचे सहा नट, नळी वर, तार सोडली, फडकं हातात. झाकण परत आवळून ते उठतात तोच सुंदराबाई डबा घेऊन दारात. शेषरावांनी ओलं फडकं तसंच पँटच्या खिशात कोंबलं.

"पेट्रोलचा वास येऊन राहिला तुमच्यापाशी," सुंदराबाई म्हणाल्या.

"पेट्रोलची गाडी हाये. मंग काय अत्तराचा येईन?"

त्यांनी डबा उघडला. शेषरावांनी पहिला घास घेतला, आणि मांडीला आग लागली. पेट्रोल कातडीला काय करतं हे ज्याला ठाऊक नाही त्यानं ते ठाऊक करून घेऊ नये. बसवेना. ते उभे राहिले. एका पायावर राहिले, मग दुसऱ्या.

"उभ्यानं काहून जेवून राहिले?"

"पाठ धरली."

"पाठ धरली त मांडी काहून खाजवता?" सुंदराबाईंनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी खोटं बोलतो ते त्यांना कळायचं. काय खोटं बोलतो तेवढं कळायला जरा वेळ लागे. डबा उचलून त्या गेल्या. शेषरावांनी फडकं शेडच्या मागं तारेवर वाळवलं, मांडी साबणानं धुतली आणि फडकं पुन्हा खिशात ठेवलं. फेकून का दिलं नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारी दोघं परतले आणि चार वाजता सगळे पातूरच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी होते. गाडीत दोनच जागा, म्हणून नियाज मोटारसायकलीवर हत्यारं घेऊन मागून आलेले. टपरीपाशी त्यांनी नवी कॉइल बसवली. मीटर काचेवर चिकटपट्टीनं चिकटला. शेषराव लेकीशेजारी बसले.

"धरून बसा, बाबा."

दीपमालानं पाय पूर्ण दाबला. गाडी उसळली, दोन सेकंद, चार, सहा, वळण आलं, गेलं. काटा तीनवर बसला होता तो हलायचं नाव घेईना. शेषरावांच्या डोक्यावरची टोपी मागच्या मागे गेली, तेसुद्धा त्यांना वर पोचल्यावर कळलं. आपल्या पोरीला एवढं छान चालवता येतं हे ते पहिल्यांदाच पाहत होते. तिचा खालचा ओठ दाताखाली होता, लहानपणी गणितं सोडवताना असायचा तसा. काही क्षण ते फडकं, टाकी, सगळं विसरून गेले.

खाली आल्यावर नियाजनी ऐकलं आणि कपभर चहा हवेत उडवला. "मी काय म्हनलं होतं! कॉइल!"

"वा, नियाजभाई," शेषराव म्हणाले. जिभेला ते शब्द फार जड गेले.

दीपमालानं बॉनेट पुन्हा उघडलं. "चाचा, आता जुनी कॉइल लावा."

"जुनी? काहून? बरी झाली ना गाडी!"

"बरी झाली. पण कॉइलनंच झाली का, हे कसं कळन? जुनी लावून पाहू. दुखनं परत आलं, त कॉइल गुन्हेगार."

शेषरावांना त्या रीतीचा हा दुसरा अर्धा भाग ठाऊकच नव्हता. गेले दोन दिवस काहीच बरं झालं नव्हतं, त्यामुळे तो पाहायची वेळ आली नव्हती. घाम फुटला म्हणजे काय ते त्यांना त्या टपरीवर कळलं.

जुनी कॉइल लागली. बाप-लेक पुन्हा घाट चढले. गाडी तशीच सुसाट, काटा तसाच तीनवर.

वर एका मोकळ्या जागी दीपमालानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. दरीत पळस उभे होते आणि खाली दूर पातूरची घरं दिसत होती.

"मी उद्या नाई पळवत," ती म्हणाली.

"काय?"

"नवी कॉइल लावली, बरी चालली. जुनी लावली, तरी बरी चालून राहिली. म्हंजे कॉइल नव्हती. मंग काल काय होतं? कोनं बरं केलं तिले?"

"झाली ना बरी! कायले उकरते?"

"आपोआप गेलेलं दुखनं आपोआप येते, बाबा. रस्त्याच्या दोन्हीकून माह्या वर्गातले पोट्टे उभे राहतीन. कारन मालूम नसलेली गाडी मी त्याईच्या मधातून पूर्ण दाबून नाई नेत." तिनं चेहरा दोन्ही हातांनी पुसला. "जाऊ द्या. पुढच्या वर्षी पाहू. तुमी एवढ्या लोकाईले बलावलं, त्याचंच वाईट वाटते."

तिला वाईट वाटत होतं ते त्यांच्यासाठी. शेषरावांना मांडीपेक्षा दुसरीकडेच कुठेतरी झोंबलं. अडीच वर्षांचे रविवार ही पोरगी एका वाक्यात सोडून देत होती, आणि त्याचं कारण त्यांच्या खिशात घडी घालून बसलं होतं. त्यांनी ते काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"तुह्या मायचं लुगडं."

तिनं फडकं नाकाला लावलं. मग बापाकडे पाहिलं.

"टाकीत होतं," शेषराव म्हणाले. "नळीच्या तोंडाले बांधलं होतं. मीच. सगळ्याच टाक्याईले बांधतो. आज सकाळी काढलं, तेबी मीच."

"काल मी इचारलं तवा..."

"तवा आठवलं नव्हतं. इमानानं सांगतो. घोटभर चहा प्यालो मंग आठवलं."

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली, माय."

लेकीला त्यांनी हे असं कधी म्हटलं नव्हतं. तिला इंग्रजी शाळेत घालताना आपल्याला फॉर्म वाचता आला नाही तेव्हासुद्धा त्यांनी चष्म्याचं निमित्त केलं होतं. आता म्हणून टाकलं आणि आश्चर्य म्हणजे आभाळ कोसळलं नाही. एक ट्रक तेवढा हॉर्न वाजवत गेला.

"मले राग आला, बाबा," दीपमाला म्हणाली. "बांधलं त्याचा नाई. लपवलं त्याचा. मी कॉइल म्हनून पोट्ट्याईले शिकवलं असतं."

"मालूम हाये."

तिनं फडकं उलगडून उजेडात धरलं. रागातसुद्धा तिची नजर त्याच्या विणीवरून फिरत होती. "किती पदर होते?"

"तीन."

"बांधलं होतं कशानं?"

"तांब्याच्या तारेनं."

"तार?"

शेषरावांनी दुसऱ्या खिशातून तार काढली.

"मंग बांधा परत," ती म्हणाली. "होतं तसंच. तीन पदर."

"परत? आता सांगतलं ना मी!"

"चाचाबी सांगतच होते. तुमी सांगता म्हनून फडक्यावर भरोसा ठेवू, अन् ते सांगतात म्हनून कॉइलवर ठेवू नोको, असं कसं चालन?"

चूक कुणाच्याही हातून होते. पण तीच चूक ठरवून, मापून, दुसऱ्यांदा नीट करून दाखवायची पाळी फार थोड्यांवर येते. शेषरावांनी इंजिन थंड होऊ दिलं, सकाळपासून खिशातच राहिलेला पाना काढला, सहा नट उघडले. तीन पदर घातले. तार गुंडाळली, पीळ सकाळी होता तेवढाच दिला. काम करताना त्यांना एक गोष्ट लख्ख कळली. आता गाडी अडखळली नाही, तर कारण सापडलंच नाही, आणि पोरगी उद्या पळवणार नाही. म्हणजे आपली टाकी वाईट निघायला हवी. चांगली निघाली तर सगळं बुडालं.

ते खाली उतरले, टपरीपाशी न थांबता वळले. नियाज हात हलवत काहीतरी ओरडले, ते ऐकू आलं नाही. दीपमालानं पाय पूर्ण दाबला.

गाडी उसळली. शेषरावांची नजर काट्यावर. तीन. तीन. पहिलं वळण. तीन. पड बापा, ते मनात म्हणाले, पड आता. तीनच्या जरा खाली. अडीच. काटा थरथरला, दोनच्याही खाली आला, आणि गाडीनं मान टाकली. अडखळली, उसळली, पुन्हा अडखळली.

"अडखळली!" शेषराव ओरडले आणि त्यांनी समोरच्या पत्र्यावर थाप मारली. "दीपे, अडखळली! पाह, काटा पाह!"

"पाहून राहिली!" दीपमाला हसत होती, डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानाकडे चाललं होतं. "दाबू का अजून?"

"दाब!"

गाडी धापा टाकत घाट चढत होती आणि आतली दोन माणसं लग्नाच्या वरातीत असावीत तशी ओरडत होती.

खाली टपरीवर नियाज रस्त्यातच उभे होते. वरून आवाज त्यांनी ऐकला होता. "परत सुरू झालं ना? मी म्हनलं होतं, जुनी कॉइल नोको लावू..."

दीपमालानं तोंड उघडलं, पण शेषराव तिच्या आधी गाडीतून उतरले होते. टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "कॉइल नाई, नियाजभाई. टाकी हाये. माही टाकी परत आली."

नियाज दोन पावलं पुढे आले. "पस्तीस साल में?"

"पयली."

मग नियाज जे हसायला लागले ते थांबेनात. हे हसणं फार लागेल असं शेषरावांना दोन दिवस वाटत आलं होतं. लागलं नाही. तेही हसले, आणि तीन चहा सांगून गाडीमागे उकिडवे बसले. दीपमाला शेजारी येऊन बसली. त्यांनी एकेक नट उघडून तिच्या ओंजळीत टाकला. सहावा टाकून झाल्यावर ते जरा बाजूला सरकले. आपल्या टाकीत दुसऱ्या कुणाचा हात त्यांनी आजवर जाऊ दिला नव्हता.

"तू काढ," ते म्हणाले.